पाटी पुसण्याआधी वाचा!

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते.

‘पेन नाही, शाई नाही, तरी पानं भरली,
मालक गेला परगावी, वही उघडी राहिली!’

ओळखा पाहू! नाही येत? आई-बाबांना विचारा. त्यांनाही नाही आलं? मग सांगते. उत्तर आहे, रान माजलेली पडीक जमीन!

तुम्ही एस.टी.ने कोकणात गेला असाल तर अशी जमीन नक्की पाहिली असेल. भाताची खाचरं दिसतात, आमराई दिसते आणि मध्येच एखादा तुकडा असा येतो, की तिथे पाऊल ठेवायलाही जागा नाही. माणसाच्या उंचीची झुडपं, त्यांवर चढलेले वेल, पडका गडगा. त्या घरातली मुलं नोकरीसाठी मुंबईला गेली, म्हातारी माणसं थकली आणि जमीन तशीच राहिली. आपण म्हणतो, ‘काय नुसतं रान माजलंय!’ पण ते ‘नुसतं’ कधीच नसतं बरं का. त्या रानात त्या जमिनीची सगळी माहिती लिहिलेली असते. ती वाचायची कशी आणि मग तिथे घरच्यापुरती बाग-शेती कशी उभी करायची, ते आज पाहूया.

तुम्ही विचाराल, ‘बाई, तुम्हाला हे कसं माहीत?’ तर २०२१ च्या डिसेंबरात आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात वीस गुंठे वरकस जमीन विकत घेतली. वरकस म्हणजे डोंगरउताराची, भाताला न चालणारी जमीन. आम्ही घरात पाच माणसं. मुलांची आजी म्हणजे माझ्या सासूबाई, मुलांचे बाबा, मी आणि दोन मुलं. ताई तेव्हा पाचवीत होती आणि धाकटा दुसरीत. आमची बरीचशी बचत त्या जमिनीत गेली. त्यामुळे ‘बघू, जमलं तर जमलं’ असं म्हणून चालणार नव्हतं.

वीस गुंठे म्हणजे किती? चला, गणित करू. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौकोन म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एक एकर. म्हणजे वीस गुंठे झाले अर्धा एकर, साधारण २०२३ चौरस मीटर. कबड्डीचं मोठ्यांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. म्हणजे आमच्या जमिनीत कबड्डीची पंधरा मैदानं मावतील! फार मोठी नाही, पण पाच जणांना घाम गाळायला पुरेशी.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांचं नाव तुमच्या आई-बाबांनी ऐकलं असेल. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाची चळवळ चालवली. एका कुटुंबाने दहा गुंठे जमीन नीट अभ्यास करून कसली, तर त्यावर चांगलं जगता येईल, असं ते मांडत. त्यातला ‘अभ्यास करून’ हा शब्द मला फार आवडतो. शेतीलाही गृहपाठ असतो!

पहिला गृहपाठ : कागद

जमीन पाहण्याआधी जमिनीचे कागद पाहायचे असतात. त्यातला मुख्य कागद म्हणजे सातबारा. हे नाव तुम्ही मोठ्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असेल, पण ‘सात’ कसले आणि ‘बारा’ कसले, हे माहीत आहे का? गावच्या हिशेबाचे वेगवेगळे नमुने असतात. त्यातल्या नमुना सातवर जमीन कोणाची, किती, तिच्यावर कर्ज किंवा कोणाचा हक्क आहे का, ते लिहिलेलं असतं. नमुना बारावर तिथे कोणती पिकं घेतली, त्याची नोंद असते. दोन्ही मिळून झाला सातबारा. तो आता संगणकावरही पाहता येतो.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर साधारणपणे घेणारा आधीच शेतकरी असावा लागतो. आमच्याकडे सासूबाईंच्या नावावर भाताची दोन खाचरं आहेत, त्यामुळे ती अडचण आली नाही. मग सरकारी मोजणी करून घेतली. मोजणीदारांनी हद्दी दाखवल्या, आम्ही तिथे दगड रोवले. जमिनीत जायला वहिवाटीची वाट आहे का, तेही पाहिलं. वाटच नसेल तर जमीन असून नसल्यासारखी!

‘एका दिवसात लख्ख!’

कागद झाले. आता पुढे काय? आम्हाला भेटेल तो एकच सल्ला देई. ‘जे.सी.बी. लावा. एका दिवसात लख्ख करून देईल!’ मुलांच्या बाबांनी तर यंत्रवाल्याला ताशी दरही विचारून ठेवला होता. पण सासूबाई म्हणाल्या, “अरे, एक पावसाळा तर बघू दे. रान कुठे पळून जातंय?”

घरात दोन-तीन दिवस यावर चर्चा चालली. बाबा म्हणत, “एक वर्ष वाया जाईल, आई. पैसे अडकलेत.” सासूबाई म्हणत, “वर्ष गेलं तर दुसरं येतं. माती गेली तर येत नाही.”

मुलांनो, सासूबाई फार शिकलेल्या नाहीत, पण हे वाक्य विज्ञानाच्या पुस्तकात शोभेल असं आहे. का ते पाहा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होतं. तर मग २०२३ चौरस मीटरवर ३००० मिलिमीटर पाऊस पडला तर किती लिटर? करा गुणाकार! साठ लाख लिटरहून जास्त! एवढं पाणी आमच्या त्या छोट्या उतारावर दरवर्षी पडतं. शिवाय पावसाचा मोठा थेंब सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. उघड्या मातीवर तो हातोडीसारखा बसतो.

रान असलं, की तो थेंब आधी पानावर आपटून फुटतो, मग पाचोळ्यावर पडतो आणि हळूहळू जमिनीत मुरतो. खाली मुळांनी माती धरून ठेवलेली असते. रान एका दिवसात उपटून टाकलं तर छत्रीही गेली आणि मुळांची मूठही सुटली. मग माती निघाली पऱ्याने, पऱ्यातून नदीला आणि नदीतून समुद्राला! बोटाच्या एका पेराएवढा मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि जायला एखादा पावसाळाही पुरतो.

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या वाटेवरच्या एका उतारावरचा सगळा झाडोरा कोणीतरी यंत्राने काढला. दिसायला कसं छान, सपाट दिसत होतं! जुलैत आम्ही तिथून गेलो, तर खालच्या पऱ्याचं पाणी दाट चहासारखं लाल झालं होतं. उतारावर बोटांनी ओरबाडावं तशा घळी पडल्या होत्या आणि खालचा कातळ डोकं वर काढत होता. मुलांचे बाबा बराच वेळ तिथे उभे राहिले. त्यानंतर आमच्या घरात जे.सी.बी.चं नाव निघालं नाही.

आता रान वाचूया

शाळेत आपण पाटी पुसतो, पण बाईंनी लिहिलेलं वाचून झाल्यावरच ना? रानाचंही तसंच. मात्र त्याआधी सुरक्षेचे नियम! रानात साप असतात. नाग, मण्यार, घोणस आणि कोकणात फुरसंही. फुरसं छोटं असतं, दगडाच्या आणि पाचोळ्याच्या रंगात मिसळून जातं. म्हणून पहिली वाट मोठ्यांनी आणि जाणकारांनी पाडायची. पायात उंच बूट, हातात काठी, काठी आपटत चालायचं. न दिसणाऱ्या जागी हात घालायचा नाही, दगड उचकटायचे नाहीत. साप चावलाच तर मांत्रिक नाही, बांधाबांध नाही, जखमेवर चिरा मारणं नाही. धीर देऊन, हलू न देता थेट दवाखाना. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक पाठ असू द्या. आणि हो, थंडीच्या दिवसांत खाजकुयलीच्या शेंगांपासून दूर! तिची लव अंगाला लागली, की माणूस नाचायलाच लागतो.

वाट पडल्यावर आम्ही सगळे दर रविवारी वही-पेन्सिल घेऊन जायला लागलो. ताई लिहायची, धाकटा मोजायचा, आजी नावं सांगायच्या. आम्हाला काय काय वाचता आलं, सांगू?

एका बाजूला पांगाऱ्याची चार झाडं सरळ रेषेत उभी होती. रानात झाडं आपोआप रांगेत उगवत नाहीत! पांगाऱ्याचा खुंट जमिनीत रोवला तरी तो रुजतो, म्हणून कुंपणासाठी तो लावायची पद्धत आहे. म्हणजे इथे कोणीतरी कुंपण घातलं होतं. थोडं खाली ढासळलेला दगडी गडगा सापडला. सासूबाई म्हणाल्या, “इथे नाचणी नाहीतर वरी करत असणार. वरकस जमिनीत दोन-तीन वर्षं पीक घ्यायचे, मग तिला विश्रांती द्यायचे.” म्हणजे या जमिनीने पूर्वी माणसं जेवू घातली होती.

खालच्या कोपऱ्यात एप्रिलच्या कडक उन्हातही अळू आणि नेचे हिरवेगार होते. बाकी सगळं वाळलेलं आणि तेवढाच कोपरा ओला! तिथे जमिनीत ओल आहे, हे उघड झालं. झाडांवरून पाणी ओळखण्याची ही रीत फार जुनी आहे. सहाव्या शतकात होऊन गेलेल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ ग्रंथात एक अख्खा अध्यायच यावर लिहिला आहे. कोणतं झाड, कुठलं वारूळ दिसलं की पाणी कुठे असेल, याचे त्यात आडाखे आहेत. अर्थात, तेवढ्यावर विहीर खणायची नसते. आजूबाजूच्या विहिरींना मे महिन्यात किती पाणी राहतं, हेही विचारावं लागतं.

मग झाडांची हजेरी घेतली. किंजळ ११, ऐन ४, काजू ६, रातांबे ३, जांभूळ २, रायवळ आंबा १. करवंदीच्या जाळ्या तर मोजता मोजता दमलो! आणि सगळ्यात शेवटी, वेलींच्या ढिगाखाली एक जुना फणस. वेलींनी त्याला एवढं गुरफटलं होतं, की आधी आम्हाला ते मोठं झुडूपच वाटलं. वेली तोडल्यावर धाकटा ओरडला, “आई, याला फणस लागलेत!” विचार करा, नवा फणस लावून तेवढा मोठा व्हायला किती वर्षं लागली असती? आणि यंत्राने तो किती मिनिटांत आडवा केला असता?

ठेवायच्या प्रत्येक झाडाला मुलांनी चुन्याचा पट्टा मारला. तुमच्या आई-बाबांसाठी एक माहिती देते. आपली स्वतःची जमीन असली तरी आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ अशी काही झाडं तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्रात तसा कायदा १९६४ पासून आहे.

पाहुणे आले आणि घर बळकावून बसले

मग काढायचं काय? प्रत्येक रानात काही दांडगट पाहुणे असतात. आमच्याकडे दोघे होते, घाणेरी आणि रानमोडी. घाणेरीला कोणी टणटणी म्हणतं. तिची रंगीबेरंगी फुलं तुम्ही पाहिली असतील. ही मूळची अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांच्या काळात शोभेचं झाड म्हणून ती आपल्याकडे आली आणि देशभर पसरली. बुलबुलासारखे पक्षी तिची फळं खातात आणि बिया सगळीकडे टाकतात. गुरांना मात्र तिचा पाला विषारी असतो. रानमोडीही अमेरिकेतलीच. थंडीत ती फुलते आणि तिच्या केसाळ बिया वाऱ्यावर उडतात.

यांना काढायचीही एक युक्ती आहे. नुसता वरून कोयता चालवला, तर घाणेरी दुप्पट जोमाने फुटते. म्हणून बुंध्याशी थोडं उकरून, जमिनीखाली तीन-चार बोटं मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. मुळं वर, शेंडा खाली. मग ते पुन्हा रुजत नाही. रानमोडी फुलांवर येण्याआधी काढायची, म्हणजे बी धरत नाही. आम्ही एकदम सगळं काढलं नाही. एका वर्षी पाच-सहा गुंठेच घेतले आणि मोकळ्या झालेल्या जागेत लगेच काहीतरी लावलं. मोकळी जागा दिसली, की हे पाहुणे परत येतात!

शेजारगावातले दोन काका आमच्याकडे रोजावर बेणणीला येतात. मुळापासून काढायचं काम त्यांना आमच्यापेक्षा किती सफाईने जमतं! मुलं त्यांच्याकडूनच कोयता कसा धरायचा ते शिकली. मात्र प्रत्यक्ष चालवायला अजून परवानगी नाही हं!

काढलेला काडीकचरा जाळायचा का? मुळीच नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात तो छोट्या जागेत, लक्ष ठेवून. डोंगरउतारावर आग लावली आणि वारा सुटला, की तिचा वणवा व्हायला वेळ लागत नाही. पाखरांची घरटी, कलमं, शेजाऱ्यांची बाग, सगळं जातं. आम्ही काडीकचरा उतारावर आडव्या ओळींत रचला. पावसाचं पाणी तिथे अडतं, गाळ साठतो आणि वर्षा-दोन वर्षांत काड्यांचं खत होतं. उन्हाळ्याच्या आधी हद्दीलगतचं वाळलं गवत दहा फुटांच्या पट्ट्यात कापून उचलतो, म्हणजे बाहेरून आग आली तर तिला आत यायला वाट राहत नाही.

तीन काठ्या आणि एक दगड

या ओळी ‘आडव्या’ म्हणजे अगदी एका पातळीत हव्यात. एक टोक खाली गेलं, तर पाणी तिथून पळणार! पातळी कशी काढायची? त्यासाठी मुलांनी एक साधन बनवलं. त्याला ‘ए-फ्रेम’ म्हणतात, कारण ते इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखं दिसतं.

दोन मीटरच्या सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्या. त्यांची वरची टोकं एकत्र बांधा, खालची दोन पावलांसारखी फाकवा. मध्ये तिसरी काठी आडवी बांधा. वरच्या गाठीपासून दोरी सोडून तिच्या टोकाला दगड बांधा. दोरी आडव्या काठीच्या समोरून, काठीच्या खालपर्यंत लोंबली पाहिजे. आता साधन जमिनीवर उभं करा, दोन्ही पाय जिथे टेकले तिथे खुणा करा आणि दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे रेघ मारा. मग दोन्ही पायांची अदलाबदल करून त्याच खुणांवर साधन पुन्हा उभं करा आणि दुसरी रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये तिसरी रेघ काढा. झालं! दोरी त्या मधल्या रेघेवर आली, की दोन्ही पाय एकाच पातळीत आहेत असं समजायचं.

असं एकेक पाऊल टाकत आमच्या ताईने अख्ख्या उतारावर चुन्याने ओळी आखल्या. त्या ओळींवर आम्ही गडग्याचे दगड पुन्हा रचले आणि वाळ्याचं गवत लावलं. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात आणि मातीला घट्ट धरून ठेवतात. एक पावसाळा रान पाहिल्यावर, २०२३ च्या उन्हाळ्यात ही कामं झाली.

लावायचं काय?

१९९० मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेला जोडून फळबागांची योजना सुरू झाली आणि कोकणातल्या कितीतरी उजाड डोंगरांवर आंबा-काजू आले. तुम्ही पाहता त्यातल्या बऱ्याच बागा त्यानंतरच्या आहेत. आम्हीही काजू लावायचं ठरवलं. दोन कलमांत सात मीटर अंतर ठेवतात, म्हणजे एका कलमाला ७ गुणिले ७, म्हणजे ४९ चौरस मीटर जागा. या हिशेबाने आमच्या जमिनीत ४१ कलमं बसली असती. पण आम्ही बाराच लावली. का? एकाच पिकावर सगळी भिस्त ठेवायची नाही म्हणून आणि जुन्या झाडांना ढकलून काढायचं नाही म्हणून!

ओल्या कोपऱ्यात केळी आणि नारळ, रातांब्याची पाच कलमं, आंब्याची चार. रातांब्याची गंमत ठाऊक आहे? त्याच्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. बी लावली तर कित्येक झाडं नर निघतात आणि त्यांना फळच धरत नाही! ते कळायलाही पाच-सात वर्षं जातात. म्हणून खात्रीच्या ठिकाणाहून मादी झाडाची कलमं आणायची. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथल्या आणि वेंगुर्ल्याच्या संशोधकांनी काजू, कोकम, आंबा यांच्या कितीतरी चांगल्या जाती शोधून दिल्या आहेत.

घराजवळच्या दोन गुंठ्यांत भाजी. मांडवावर पडवळ, काकडी, दुधी, खाली भेंडी, वांगी, मिरची. उन्हाळ्यात कलमांना पाणी घालायचं काम मुलांचं. प्रत्येक कलमाजवळ बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात घातलेलं मडकं पुरलं आहे. आठवड्यातून दोनदा भरलं, की पाणी थेंब थेंब झिरपत राहतं.

सगळंच गोड आहे असं मात्र समजू नका. पहिल्या वर्षी वानरांच्या टोळीने भोपळे आणि पपया फस्त केल्या. रात्री रानडुकरांनी रताळ्याचा वाफा उकरून टाकला. धाकटा त्या दिवशी जेवला नाही, कारण तो वाफा त्याचा होता. मग त्याने आणि आजींनी मिळून त्या जागी हळद लावली. हळदीला वानरं हात लावत नाहीत. घरची हळद दळून आली तेव्हा त्याने शाळेत सगळ्यांना पुडी नेऊन दाखवली!

पालकांसाठी दोन शब्द

तुमच्यापैकी काही जण अशी जमीन घ्यायच्या विचारात असतील, काहींची वडिलोपार्जित जमीन गावी रान होऊन पडली असेल. पैशांचं आधी सांगते. पहिली काही वर्षं जमीन देत नाही, घेतेच. काजूचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी थोडं थोडं द्यायला लागतं, आंबा पाच वर्षं तरी थांबायला लावतो, बाणवली नारळ सहा-सात वर्षं. आमचं घर अजून पगारावरच चालतं. पण पहिल्याच उन्हाळ्यात त्या सहा जुन्या, दुर्लक्षित काजूंनी चौदा किलो बी दिली. ती आम्ही लावली नव्हती, फक्त तोडली नाहीत!

आणि पैशांहूनही जास्त लागते ती ये-जा. जमिनीकडे वर्षभर कोणी फिरकलं नाही, तर रानमोडी दोन पावसाळ्यांत पुन्हा डोक्यावर येते. आमची जमीनही मूळ मालकांच्या हातून अशीच गेली असणार. त्यांनी आळस केला म्हणून नव्हे, तर इथे राहणारं कोणी उरलं नाही म्हणून. मुलांना लहानपणापासून एखादा वाफा, एखादं झाड स्वतःचं म्हणून द्या. ज्या झाडाला आपण पाणी घातलं, ते पाहायला माणूस मोठेपणीही परत येतो.

आज आमच्या वीस गुंठ्यांपैकी सहा गुंठे रान आम्ही मुद्दाम तसंच ठेवलं आहे. फक्त घाणेरी-रानमोडी काढतो. तिथे करवंदं मिळतात, पावसाळ्यात टाकळा, भारंगी, फोडशीची भाजी मिळते आणि आंबा-काजूच्या मोहराला लागणाऱ्या मधमाश्या नि माश्या तिथेच राहतात. कलमं आता धाकट्याच्या डोक्यावरून गेली आहेत. तो रोज त्यांच्याशी उंची मोजतो आणि रोज हरतो!

करून पाहा

तुमच्याकडे जमीन नसली तरी काही बिघडत नाही. शाळेमागचा कोपरा, इमारतीमागची मोकळी जागा, रस्त्याकडेचा तुकडा चालेल. मोठ्या माणसाला सोबत घेऊन जा, काठावरूनच बघा आणि वहीत या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. इथे किती प्रकारची झाडं-झुडपं दिसतात? किती नावं तुम्हाला येतात? बाकीची आजी-आजोबांना विचारा.
२. माणूस इथे पूर्वी राहत होता, याची एखादी खूण आहे का?
३. सगळ्यात ओली जागा कोणती आणि सगळ्यात कोरडी कोणती?
४. पाऊस पडला तर पाणी कुठून कुठे वाहील? बाणाने दाखवा.
५. ही जागा तुमच्या ताब्यात दिली, तर काय काढाल आणि काय ठेवाल? का?

पाचव्या प्रश्नातल्या ‘का’चं उत्तर नीट लिहा हं, तिथेच खरे गुण आहेत! तुमच्या वहीतली पानं मला पत्राने पाठवा. ए-फ्रेम बनवली असेल तर तिचं चित्रही काढा. पुढच्या आठवड्यात आपण काडीकचऱ्याचं खत कसं होतं आणि त्यात गांडूळ काय काम करतं, ते पाहूया.

तोवर, रान दिसलं की लगेच नाक मुरडू नका. आधी वाचा!

तुमच्या बाई